मोबाईल येतो म्हणजे कम्प्युटर येतो?

"आताची पोरं जन्मतःच टेक्नोसॅव्ही, बारावीनंतर कम्प्युटर वेगळा शिकवायला नको" हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. वाटणं साहजिकच, फोनवर त्यांची बोटं आपल्यापेक्षा भराभर चालतात. पण फोनमध्ये अ‍ॅपच सगळं सांभाळतं, फाईल कुठल्या फोल्डरला गेली ते बघायची वेळच येत नाही, आणि कॉलेजात नेमकं तेच लागतं, असाइनमेंट पीडीएफ करून द्या, एक्सेलमध्ये सरासरी काढा वगैरे. घरीच बघा ना, लॅपटॉपवर डाउनलोड झालेली मार्कशीट शोधून, नाव बदलून, २०० केबीच्या आत बसवून मेलला जोडायला सांगा, सब्जेक्ट लाईनसकट. अडलं तर ओरडू नका, हे थोड्या सरावाने जमतं. टायपिंगला मात्र वेळ लागतो, ते सुट्टीतच सुरू करा.