कंपायलरच्या झाडात काय उरते आणि काय गळते

आयबीएमच्या जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली ‘७०४’ या संगणकासाठी फोरट्रान भाषेचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम, पूर्ण केला. शाळेत ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेल्या कुणालाही लगेच कळेल अशी एक अडचण त्यांच्यापुढे होती. संगणकाला सूत्र मिळते ते एकापुढे एक मांडलेल्या चिन्हांच्या रूपात, आणि बेरजेच्या आधी गुणाकार करायचा ही गोष्ट त्या चिन्हांत कुठेही लिहिलेली नसते. त्यांनी काढलेला तोडगा विलक्षण होता. थोडा सोपा करून सांगायचा तर सूत्राच्या सुरुवातीला दोन कंस उघडायचे आणि शेवटी दोन मिटायचे. प्रत्येक बेरीज-चिन्हाच्या आधी दोन कंस मिटून त्याच्यानंतर पुन्हा दोन उघडायचे. गुणाकाराच्या चिन्हाभोवती मात्र एकच मिटायचा आणि एकच उघडायचा. ‘किंमत + किंमत * कर’ या सूत्राचे त्यामुळे असे होते:

((किंमत))+((किंमत)*(कर))

कंस मोजून पाहिले तर गुणाकार आपोआप आतल्या जोडीत बंदिस्त झालेला दिसतो. कोणते काम आधी आणि कोणते नंतर ही माहिती मजकुरातच, अधिक कंस घालून, साठवण्याची ही पद्धत होती. आजचे कंपायलर नेमके उलटे करतात. ते सूत्राचे झाड बनवतात, आणि झाड बनले की कंसांची गरजच उरत नाही. या झाडाला सिंटॅक्स ट्री म्हणतात आणि त्याच्या प्रत्येक सांध्याला नोड. भाषेतल्या कोणत्या गोष्टीला स्वतंत्र नोड द्यायचा, कोणती दुसऱ्या नोडमध्ये सामावून घ्यायची आणि कोणती सरळ टाकून द्यायची, हे ठरवताना भाषा घडवणारे लोक काय अर्थपूर्ण आहे आणि काय निव्वळ लिहिण्याची तऱ्हा आहे, याचा निवाडा करत असतात. म्हणूनच एखादी संगणकीय भाषा खऱ्या अर्थाने समजून घ्यायची असेल, तर तिच्या नोडची यादी वाचण्यासारखा दुसरा मार्ग नाही, असे मला वाटते.

या विचाराला नेमके रूप दिले ते संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी, १९६२ च्या सुमारास. बेरीज मधे चिन्ह घालून लिहिली, आधी चिन्ह देऊन लिहिली किंवा आणखी कशीही लिहिली, तरी तिच्याबद्दल तीनच गोष्टी ठाऊक असणे पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे होते: ही बेरीज आहे का, तिचे पहिले पद कोणते आणि दुसरे पद कोणते. लिहिण्याच्या पद्धतीपासून रचना वेगळी काढण्याच्या या कल्पनेला त्यांनी अमूर्त वाक्यरचना म्हटले, आणि आजच्या कंपायलरमधला प्रत्येक नोड याच प्रश्नांची उत्तरे जवळ बाळगून असतो: माझा प्रकार कोणता, आणि माझे घटक कोणते.

प्रत्यक्ष झाड पाहण्यासाठी पायथन ही भाषा सोयीची आहे, कारण तिच्यासोबत येणाऱ्या ‘एएसटी’ (अमूर्त वाक्यरचनेचे झाड याचे इंग्रजी लघुरूप) नावाच्या मॉड्यूलने कुणालाही आपल्या प्रोग्रामचे झाड छापून बघता येते. शिवाय पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची, म्हणजे मूल्य साठवण्याच्या जागांची, नावे देवनागरीत चालतात, त्यामुळे ‘एकूण = किंमत + किंमत * कर’ ही ओळ आहे तशी ग्राह्य धरली जाते. (राखीव शब्द आणि प्रोग्राममध्ये थेट लिहिलेल्या संख्या मात्र रोमन लिपीतल्याच लागतात.) कंपायलर प्रथम या ओळीचे तुकडे पाडतो: एकूण, बरोबर-चिन्ह, किंमत, बेरीज-चिन्ह, किंमत, गुणाकार-चिन्ह, कर. मग भाषेच्या व्याकरणानुसार या सात तुकड्यांतून पुढील झाड उभे राहते. नोडची नावे पायथनमधलीच आहेत, घटकांची मराठीत दिली आहेत.

असाइन
— लक्ष्य: नेम ‘एकूण’, स्टोअर
— मूल्य: बिनऑप
—— डावा: नेम ‘किंमत’, लोड
—— ऑपरेटर: बेरीज
—— उजवा: बिनऑप
——— डावा: नेम ‘किंमत’, लोड
——— ऑपरेटर: गुणाकार
——— उजवा: नेम ‘कर’, लोड

असाइन म्हणजे नावाला मूल्य देणे आणि बिनऑप म्हणजे दोन पदांवरची क्रिया. बेरजेच्या बिनऑपचे उजवे पद स्वतःच एक बिनऑप आहे, आणि गुणाकार आधी का होतो याचे सगळे उत्तर तेवढ्यात आले: बेरीज करायची तर उजव्या पदाचे मूल्य हवे, आणि ते गुणाकार केल्याशिवाय मिळणार नाही. ‘(किंमत + किंमत) * कर’ असे लिहिले असते तर गुणाकार वर आणि बेरीज त्याच्या डाव्या फांदीवर आली असती. कंसांसाठी पायथनमध्ये वेगळा नोडच नाही. झाडाचा आकार बदलून कंस आपले काम संपवतात आणि नाहीसे होतात. म्हणूनच ‘किंमत + (किंमत * कर)’ या ओळीचेही झाड वरच्यासारखेच असते, फक्त नोडसोबत नोंदलेली जागा तेवढी सरकते.

पुढचे कामही या आकारामुळे सोपे होते. कंपायलर प्रत्येक नोडची आधी डावी फांदी, मग उजवी फांदी आणि शेवटी स्वतः तो नोड अशा क्रमाने सूचना लिहीत जातो: किंमत आण, किंमत आण, कर आण, वरच्या दोघांचा गुणाकार कर, वरच्या दोघांची बेरीज कर, उत्तर ‘एकूण’मध्ये ठेव. पायथनच्या बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या सूचनांच्या यादीत, साधारण हाच क्रम दिसतो. प्राधान्याचा एकही नियम इथे पुन्हा तपासावा लागत नाही.

नावांपुढचे स्टोअर आणि लोड हे शब्द सहज नजरेतून सुटतात, पण ते महत्त्वाचे आहेत. नाव बरोबर-चिन्हाच्या डावीकडे असेल तर ते मूल्य ठेवण्याची जागा असते आणि उजवीकडे असेल तर मूल्य वाचण्याची. प्रत्येक नेम नोडवर ही नोंद असल्यामुळे कंपायलर सूचना लिहायला घेण्यापूर्वीच संपूर्ण फंक्शनचे (नाव देऊन एकत्र बांधलेल्या विधानांच्या गटाचे) झाड फिरून येतो आणि स्टोअर असलेली नावे टिपून ठेवतो. फंक्शनमध्ये कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत का होईना, एखाद्या नावाला मूल्य दिलेले असले, आणि ते बाहेरचे आहे असे वेगळे सांगितलेले नसले, की ते नाव त्या अख्ख्या फंक्शनपुरते स्थानिक ठरते. बाहेर त्याच नावाचे व्हेरिएबल असूनही ‘या स्थानिक नावाला अजून मूल्य मिळालेले नाही’ अशी तक्रार पायथन का करतो, हे नवशिक्याला पडणारे कोडे इथे सुटते.

आता निवाड्यांकडे वळू. पायथनमध्ये अटी लिहिताना इफ (जर), एलिफ (नाहीतर जर) आणि एल्स (नाहीतर) हे तीन राखीव शब्द वापरतात, पण झाडात एलिफ नावाचे काहीही नाही. इफच्या नोडला तीनच घटक असतात: अट, अट खरी ठरल्यास करायच्या विधानांची यादी आणि खोटी ठरल्यास करायच्या विधानांची यादी. एल्स लिहिलाच नाही तर तिसरी यादी रिकामी राहते. एलिफ लिहिला तर तिसऱ्या यादीत एकच विधान असते आणि ते म्हणजे आणखी एक इफ. ‘एल्स’ लिहून त्याच्या पोटात एकटा ‘इफ’ लिहिला तरी झाड तेच. याचा पडताळाही घेता येतो: पायथन ३.९ पासून झाडावरून पुन्हा मजकूर तयार करण्याची सोय आहे, आणि तिच्यातून असा ‘एल्स’मधला ‘इफ’ ‘एलिफ’ होऊन बाहेर पडतो. माणसाने दोहोंपैकी काय लिहिले होते ते झाडाला माहीतच नाही.

एलिफच्या बाबतीत जे चालले ते ‘+=’ या चिन्हाच्या बाबतीत चालत नाही. ‘साठा += आवक’ म्हणजे ‘साठा = साठा + आवक’ याचे लघुरूप, असे पुस्तकांत सर्रास सांगितले जाते, आणि ते तसे असते तर झाडात एक असाइन व एक बिनऑप एवढ्यावर भागले असते. पण डावीकडे साध्या नावाऐवजी ‘साठा[पुढचा()]’ असे असेल, म्हणजे यादीतली कोणती जागा घ्यायची हे फंक्शनला विचारून ठरत असेल, तर लघुरूप उलगडताच ते फंक्शन दोनदा चालेल: एकदा वाचताना आणि एकदा ठेवताना. दोन्ही वेळा वेगळे उत्तर आले तर एका जागेवरचे मूल्य वाचून ते दुसऱ्याच जागेवर ठेवले जाईल. शिवाय याद्यांसारख्या वस्तू ‘+=’ आल्यावर नवी यादी न बनवता जुनीतच भर घालतात. या कारणांमुळे पायथनने त्याला ऑगअसाइन नावाचा स्वतंत्र नोड दिला आहे. दिसायला लघुरूप असलेली गोष्ट अर्थाने वेगळी असू शकते, आणि ते कुठेतरी लिहून ठेवावे लागते. लिहून ठेवण्याची ती जागा म्हणजे नोडचा प्रकार.

तुलनेचे उदाहरण तर मला सर्वांत बोलके वाटते. गणितात आपण ‘किमान <= वय <= कमाल’ असे सहज लिहितो. हीच ओळ सी भाषेत लिहिली तर तीही बिनतक्रार स्वीकारली जाते, पण तिथे तुलना ही बेरजेसारखीच दोन पदांची क्रिया असल्यामुळे झाडात एका तुलनेच्या डाव्या फांदीवर दुसरी तुलना बसते. किमान १८, कमाल ६० आणि वय ९० असेल तर आधी ‘१८ <= ९०’ याचे उत्तर १ येते, मग ‘१ <= ६०’ हेही खरे ठरते, आणि नव्वद वर्षांची व्यक्ती साठच्या मर्यादेत बसते. पायथनमध्ये याच ओळीसाठी कंपेअर नावाचा एकच नोड तयार होतो. त्यात पहिले पद, तुलनाचिन्हांची यादी आणि उरलेल्या पदांची यादी असते. मधल्या पदाचे मूल्य एकदाच काढले जाते, आणि पहिलीच तुलना खोटी ठरली तर पुढे पाहिलेही जात नाही. दोन भाषांत अक्षर न् अक्षर सारखी दिसणारी ओळ, आणि तिच्या अर्थातला फरक सगळा झाडात.

कंसही सगळ्याच भाषांत गळून पडत नाहीत. सी आणि सी++ साठीचा क्लँग हा कंपायलर कंसांसाठी वेगळा नोड राखतो, आणि त्यालाही कारणे आहेत. सी++ मध्ये ‘डिक्लटाइप’ला, म्हणजे दिलेल्या पदाचा डेटा-प्रकार सांगणाऱ्या राखीव शब्दाला, नुसते व्हेरिएबल दिले आणि तेच कंसात घालून दिले, तर दोन वेगवेगळे प्रकार मिळू शकतात, म्हणजे तिथे कंसाला खराखुरा अर्थ आहे. दुसरे असे की, अटीच्या जागी तुलनेऐवजी चुकून एकच बरोबर-चिन्ह पडले तर क्लँग इशारा देतो. पण तेच मुद्दाम दुहेरी कंसात लिहिले, तर प्रोग्रामरने हे जाणून केले आहे असे मानून गप्प राहतो. कंस टाकून दिले असते तर हा हेतू ओळखता आला नसता.

हे सगळे नोड आपापल्या जागी नीट बसावेत म्हणून त्यांचे वर्णन एका ठिकाणी लिहिलेले असते. पायथनमध्ये त्यासाठी एएसडीएल नावाची छोटी वर्णनभाषा वापरतात. कोणत्या नोडला कोणते घटक असतात, कोणता एकटा, कोणता ऐच्छिक आणि कोणता यादीच्या रूपात, हे तिच्यात नोंदवायचे आणि त्यावरून सी भाषेतली रचना व पायथनमधले क्लास आपोआप तयार करून घ्यायचे. सी भाषेत प्रत्येक नोड म्हणजे प्रकार सांगणारी एक खूण आणि त्या प्रकाराला लागू होणारे घटक. क्लँगमध्ये याच कामासाठी क्लासची वंशावळ आहे. नोडसाठी लागणारी मेमरी मोठ्या गठ्ठ्यांतून घेतली जाते, आणि पायथनमध्ये काम संपले की सगळे झाड एकदम मोकळे करतात. हजारो नोड एकेक करून शोधत बसावे लागत नाही.

झाड हा नुसता मधला टप्पा नसून त्यावर कामही करता येते, याचा उत्तम नमुना म्हणजे पायटेस्ट हे चाचण्यांचे साधन. चाचणीत ‘असर्ट’ लिहून आपण एखादी गोष्ट खरी असल्याचा दावा करतो, आणि तो खोटा ठरला तर पायथन स्वतःहून दोन्ही बाजूंची मूल्ये दाखवत नाही. पायटेस्ट चाचणीची फाइल वाचताना तिच्या झाडातले असर्टचे नोड शोधतो, प्रत्येकाच्या जागी मधली मूल्ये जपून ठेवणारे नोड घालतो आणि मग ते बदललेले झाड कंपायलरकडे सोपवतो. चाचणी लिहिणाऱ्याने एकही जादा अक्षर न लिहिता त्याला डावीकडे काय आले आणि उजवीकडे काय आले हे कळते.

याउलट, ज्या साधनांना मजकूर जसाच्या तसा जपायचा असतो त्यांना हे झाड अपुरे पडते. टिप्पण्या, रिकाम्या ओळी, ओळ कुठे मोडली आहे, यांतले काहीच पायथनच्या झाडात नसते. कोड नीटनेटका मांडून देणारी साधने म्हणूनच बहुधा अधिक तपशील राखणाऱ्या वेगळ्या झाडावर काम करतात.

मात्र मजकुराशी असलेला एक धागा पायथनचे झाडही तुटू देत नाही. प्रत्येक पदाच्या आणि विधानाच्या नोडवर तो कोणत्या ओळीत, कितव्या स्थानी सुरू झाला हे लिहिलेले असते, आणि ३.८ पासून तो कुठे संपला हेही. पूर्वी चालता चालता चूक झाली की पायथन फक्त ओळ सांगत असे. एका ओळीत तीन भागाकार असतील तर शून्याने नेमके कुठे भागले हे माणसालाच शोधावे लागे. २०२२ मध्ये आलेल्या ३.११ या आवृत्तीपासून नोडवरच्या या चारही नोंदी बाइटकोडच्या प्रत्येक सूचनेसोबत पुढे नेल्या जातात. त्यामुळे चुकीच्या निरोपात ती ओळ छापली जाते आणि तिच्याखाली, ज्या बिनऑपने दगा दिला त्याच्याच अक्षरांखाली, खुणा उमटतात.