डीबीएस ऑपरेशनमधली गुंतागुंत

डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. कंपवात, हातांची थरथर, डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून अंग पिळवटणं) यासाठी मेंदूत खोलवर बारीक तारा घालतात आणि छातीच्या कातडीखालच्या बॅटरीवर त्या चालवतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला मेंदूचे सर्जन बेनाबिद यांनी १९८७ ला याची सुरुवात केली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच पेशंट यासाठी बेंगळुरूचं निम्हान्स हे मेंदूविकारांचं हॉस्पिटल नाहीतर पुणे-मुंबई गाठतात आणि खरी अडचण तिथून घरी परतल्यावरच सुरू होते.

घरच्यांना धास्ती असते ती मेंदूत रक्तस्राव व्हायची. तो साधारण शंभरात एक ते तीन जणांना होतो आणि त्यातल्या थोड्यांनाच कायमचा लकवा राहतो. वयस्कर माणसं दोन-चार दिवस बरळतात, ते बहुतेक निवळतं. कधी मशीन चालू करायच्या आधीच थरथर कमी होते, ती तार घालताना आलेल्या सुजेमुळे, म्हणून काही आठवड्यांनी परत आली की ऑपरेशन फेल गेलं असं समजू नये.

इन्फेक्शन मात्र चिवट. छातीवर किंवा कानामागे लाली, सूज, पू दिसला तर गल्लीतल्या मेडिकलमधून गोळ्या आणून वाट बघत बसू नका, जंतू तारेला चिकटून बसतात आणि पुष्कळदा बॅटरी काढावीच लागते.

करंटचा डोस जास्त झाला की जीभ जड होते, तोंड ओढल्यासारखं होतं. आता बेंगळुरूच्या ओपीडीत आजोबा मोडक्या कन्नड-हिंदीत चार शब्द बोलणार, त्यावरून डॉक्टरांना काय कळणार? घरी मराठी बोलताना कुठे अडखळतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करून न्यावं. काही जण एकदम खर्चिक होतात तर काहींचं कशातच मन लागत नाही, हेही सांगावं, स्वभाव बदलला म्हणून सोडून देऊ नये. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही ऑपरेशननंतर पोहता येईनासं झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा विहिरीत एकट्याने उतरणं बंद.

साधी, चार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते, ती अचानक संपली तर माणूस लाकडासारखा ताठतो, ती इमर्जन्सी आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत वेल्डिंगचं काम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि फिजिओथेरपीवाल्याला पहिल्यांदाच सांगा की डायथर्मीचा (मशीनच्या विद्युत लहरींनी आतून दिलेला) शेक अजिबात चालत नाही, गुडघ्यालासुद्धा नाही, कारण त्याने तारेचं टोक तापून मेंदू भाजतो आणि जीव जाऊ शकतो.