नेत्रविकार व सैनिकी अपंगत्व निवृत्तिवेतन (ग्रामीण विदर्भ)

सैन्यात असताना डोळ्याला झालेली इजा, किंवा सेवेमुळे जडलेला वा बळावलेला नेत्रविकार, यांपोटी माजी सैनिकाला मिळणारे निवृत्तिवेतन. सुरुंगाची किरच, डोळ्याचा पडदा (दृष्टिपटल) सुटणे, अतिउंचीवर दृष्टिपटलात होणारा रक्तस्राव, काचबिंदू अशी कारणे असतात. वयोमानाच्या मोतीबिंदूवर किंवा नुसत्या चष्म्याच्या नंबरावर दावा सहसा टिकत नाही.

प्रकरणाचा पाया घातला जातो तो सेवा सोडतानाच्या वैद्यकीय मंडळापुढे. विकाराचा सेवेशी संबंध आहे का आणि अपंगत्व किती टक्के, हे मंडळ ठरवते. किमान 20 टक्के लागतात. 50 च्या आतले प्रमाण 50 धरण्याची सवलत आहे. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांना ती नाकारली जाई. राम अवतार प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने (10 डिसेंबर 2014) ती त्यांनाही मिळाली. खरा घात करतो तो ‘सेवेशी संबंध नाही’ हा शेरा, बहुतेकदा कारण न देता मारलेला. भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवेतच जडला असे धरावे, सैनिकाकडे पुरावा मागू नये, असे धरमवीर सिंह प्रकरणात (2013) न्यायालयाने म्हटले. 21 सप्टेंबर 2023 पासून मात्र सेवेशी संबंध ठरवण्याचे नवे नियम आहेत.

जवान रजेवर येतो, पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटताना काडी लागते, डोळ्यात फूल (बुबुळावर पांढरा डाग) पडते. नजर तेवढीच जाते. पण घरच्या शेतातली इजा सेवेच्या खात्यात जात नाही.

दाखल्यांचा घोळ वेगळाच. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर नागरी मोजमापात 30 टक्के धरतात आणि दिव्यांगांच्या बहुतेक योजनांना 40 लागतात. तिथून रिकाम्या हाताने परतलेला माणूस सैनिकी नियमांत बसू शकतो. जिल्हा रुग्णालयाचा दाखला मात्र सैनिकी मंडळाच्या जागी चालत नाही.

दावा फेटाळल्यास दोन अपिले, नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. गडचिरोलीच्या माणसाला हे अंतर म्हणजे अख्खे राज्य ओलांडणे. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मिळते. मंडळाच्या कार्यवाहीची प्रत हाताशी नसेल तर ती आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे (सैनिकांच्या नोंदी ठेवणारे कार्यालय) मागावी: ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठीला, महार रेजिमेंटचे सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला.