हँडवॉशच्या बाटलीवरचा पंप आला कुठून

2020 च्या उन्हाळ्यात बेळगावात ज्याच्याकडे वेल्डिंग मशीन होतं त्यानं एक तरी पायडलचा सॅनिटायझर स्टँड बनवला असेल. उद्यमबाग, मच्छे, काकती, कुठल्याही कारखान्यांच्या वसाहतीत जावा, शेडच्या बाहेर चौकोनी पाइपचे स्टँड रंगवून वाळत ठेवलेले असायचे. हॉस्पिटल, बँक, देऊळ, लग्नाचा हॉल, सगळ्यांना पाहिजे होते. सध्या आपल्या भागात परत भिंतीवरचे साबणाचे डिस्पेन्सर स्वतः डिझाइन करायचं बोलणं चाललंय, आणि त्यात सारखा तोच घोळ होतोय, म्हणून ही पार्श्वभूमी लिहितोय.

घोळ असा की आपण स्टँडलाच डिस्पेन्सर म्हणतो. स्टँड म्हणजे नुसता सांगाडा, पाय खाली, दांडा वर, आडवा हात बाटलीच्या डोक्यावर. मोजून माल देण्याचं काम करतो तो बाटलीवरचा पंप, आणि तो तेव्हाही बेळगावात होत नव्हता, बाहेरूनच यायचा. म्हणजे डिस्पेन्सर आपण बनवलाच नाही, तो दाबायचं यंत्र बनवलं.

आता मागचं. अलेक्झांड्रियात पहिल्या शतकात नाणं टाकलं की देवळातलं पवित्र पाणी थोडंसं देणारं यंत्र होतं, नाण्याच्या वजनानं आतला दांडा झुकायचा आणि झडप उघडायची, नाणं घसरून पडलं की झडप बंद. मोजून देणं ही कल्पना एवढी जुनी हाय. पण आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही. शिलाई मशीनला तेल घालायची कुप्पी आठवा, बूड अंगठ्यानं दाबलं की टक् आवाज येऊन थेंब पडतो. शेतात पाठीवरचा फवारणी पंप बघा. गावातला हापसा बघा. दाबलं की पिस्टन सरकतो, एक झडप बंद होते, दुसरी उघडते, सोडलं की उलटं. हँडवॉशच्या पंपात हेच आहे, फक्त बोटाएवढं. तळाला काचेची नाहीतर स्टीलची छोटी गोळी, वर स्प्रिंग आणि पिस्टन, खाली नळी. डोकं दाबलं की गोळी आपल्या जागेवर घट्ट बसते आणि आतला माल पोकळ दांड्यातून नाकाडातून बाहेर पडतो. सोडलं की स्प्रिंग पिस्टनला वर उचलते, आत पोकळी होते, गोळी उठते आणि बाटलीतला माल वर ओढला जातो. नव्या बाटलीला सुरवातीला चार-पाच वेळा दाबावं लागतंय ते आतली हवा काढायला.

हापशाचं नाव उगीच घेतलं नाही. आज देशभर दिसणारा इंडिया मार्क टू हापसा 1970 च्या दशकात तयार झाला, आणि त्याच्या आधी जालन्यात आणि सोलापुरात गावच्या वापराला टिकतील असे पंप बसवायचे प्रयत्न झाले होते. सोलापूर पंपाचाच पाया पुढं मार्क टू ला आला. ओतीव बिडाचे घरगुती पंप दिवसभर शेकडो माणसं हापसत बसली की मोडायचे, म्हणून ते परत आखले गेले. त्यातला चामड्याचा वायसर झिजायचा, पुढच्या मार्क थ्री मध्ये नायट्राइल रबराचा आला. एका घरासाठी केलेली वस्तू चौकात ठेवली की काय होतं, ते आपल्याच भागातल्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी बघितलेलं होतं. तरी 2020 ला घरच्या बेसिनसाठी केलेला प्लास्टिकचा पंप आम्ही बँकेच्या दारात पायडलखाली ठेवला.

द्रवरूप साबणाचं पेटंट अमेरिकेत 1865 ला निघालं. पण त्यानंतर शंभरेक वर्षं तो मुख्यतः सार्वजनिक जागांचा माल होता, घरात वडीच. धुण्याच्या बेसिनवर काचेचा गोळा टांगलेला आणि खालची पितळी दांडी तळव्यानं वर ढकलली की साबण पडायचा, ते डिस्पेन्सर तेव्हाचे. त्यात ना स्प्रिंगचा पंप ना मोजमाप, वजनानं खाली येणारा माल आणि एक झडप. झडपेत साबण सुकला की ती चिकटायची नाहीतर गळत राहायची. आपल्याकडच्या मशीन शॉपमध्ये तर तेही नव्हतं, भुसा आणि धुण्याचा सोडा, नाहीतर रॉकेलचं बोळं.

खरी कलाटणी 1980 ची. मिनेसोटातल्या एका छोट्या कंपनीनं घरच्या बेसिनसाठी पंपाच्या बाटलीत साबण देशभर विकायला काढला. साबण कोणीही करू शकतो, पंपही आधीच बाजारात होता, म्हणजे पेटंटनं अडवायला काही नाही, आणि मोठ्या साबण कंपन्या उद्याच उतरणार. मग त्या कंपनीच्या मालकानं काय केलं, अमेरिकेत असा पंप करणारे मोठे कारखाने दोनच होते, त्या दोघांना मिळून 10 कोटी पंपांची ऑर्डर देऊन टाकली, सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलरची. दर पंपाला 12 सेंट. कारखान्यांचं पुढचं बरंच उत्पादन त्यातच अडकलं आणि मोठ्यांना साबण होता पण बाटलीवर बसवायला पंप नव्हता. 1987 ला त्यानं तो धंदा एका बड्या कंपनीलाच विकला. धंद्याच्या वर्गात हे हुशारीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात वेगळं दिसतं, पंपाला साचे लागतात आणि साचे एका रात्रीत होत नाहीत.

हेच चाळीस वर्षांनी आपल्याकडे झालं, आणि यावेळी पंप अडवला सरकारनं. 13 मार्च 2020 ला हँड सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूत आला, 21 मार्चला 200 मिलीच्या बाटलीला 100 रुपयांची कमाल किंमत ठरली, 24 मार्चला निर्यात बंद झाली. मधल्या काळात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी स्पिरिट वळवून सॅनिटायझर करायला घेतला. आपला पट्टा उसाचाच, चिकोडी, अथणी, हुक्केरी, गोकाक सगळीकडे कारखाने, त्यामुळं आत भरायचा माल थोड्याच दिवसांत भरपूर झाला. मग 1 जूनला निर्यात खुली झाली, पण एक अट घालून, पंपाच्या बाटलीतला सॅनिटायझर बाहेर पाठवायचा नाही. बाकी कशातही भरा, कॅन, बॅरल, फ्लिप झाकणाची बाटली, चालेल. ही अट ऑक्टोबरपर्यंत राहिली.

यावर तेव्हा खूप बोलणं झालं. निर्यातदार म्हणायचे बाहेरच्या गिऱ्हाइकाला पंपच पाहिजे, आमचे हात बांधले. देशातले पॅकिंगवाले म्हणायचे आम्हालाच पंप मिळत नाही तर बाहेर कशाला. माझं मत सांगतो, जूनमध्ये ती अट बरोबर होती. कारण कमतरता कशाची आहे हे त्या एका ओळीत बरोबर ओळखलं होतं, द्रवाची नाही, पंपाची. बरेच पंप चीनमधून येत होते आणि ती वाट आटली होती. पण बंदीनं असलेला पंप देशात राहिला, नवीन एकही पंप जन्माला आला नाही. एका साध्या पंपात आठ ते बारा भाग असतात, डोकं, दांडा, पिस्टन, सिलिंडर, आट्याचं झाकण, गास्केट, स्प्रिंग, गोळी, नळी. स्प्रिंग आणि गोळी सोडली तर जवळजवळ प्रत्येकाला वेगळा साचा, आणि स्वस्त पडायला एका साच्यात कितीतरी घरं, म्हणजे एका वेळी कितीतरी नग निघतील अशा पोकळ्या. साचे कापणारी मशीन आणि हात उद्यमबागेत होते की. आपल्याकडे हायड्रॉलिकचे पार्ट, क्रँकशाफ्ट, विमानाचे भाग होतात, मायक्रॉनमध्ये. त्या चार-पाच महिन्यांत साच्याचं काम इकडं आलं असतं तर आज डिस्पेन्सर आपला असता. आम्ही मात्र पाइप कापत बसलो, आणि पंपाचं पार्सल महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडं अडकलंय म्हणून फोन करत बसलो.

त्यात तोंडाच्या मापाचा गोंधळ. बाटलीवर 28/410 लिहिलेलं असतंय. 28 म्हणजे तोंडाचा आट्यांवरचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि 410 हे लांबी-उंचीचं माप नव्हे, आट्यांच्या जातीचा नंबर आहे. 400 म्हणजे एक आटा, 410 म्हणजे दीड, 415 म्हणजे दोन. 28/400 च्या बाटलीवर 28/410 चा पंप फिरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि पायडलच्या दाबानं तिरका होऊन गळतो. त्या उन्हाळ्यात मिळेल त्या बाटलीवर मिळेल तो पंप बसवला गेला, आणि नाव खराब झालं स्टँडचं.

स्टँडचे स्वतःचे दोषही होते, ते लपवायचे नाहीत. बोटानं दाबायच्या पंपाची चाल साधारण दीड-दोन सेंटीमीटर, त्यावर बुटाचा पाय पडला की दांडा वाकायचा नाहीतर झाकणाचे आटे सुटायचे. पहिल्या खेपेच्या स्टँडांना थांबायला बोल्टच नव्हता, तो आम्ही नंतर लावला. दुसरी चूक जास्त गंभीर. नाकाडाच्या तोंडाशी जेल सुकून अर्धं भोक बंद झालं की धार सरळ न पडता बाजूला उडते, आणि स्टँडची उंची साधारण एक मीटर, म्हणजे लहान पोराच्या डोळ्याएवढी. फ्रान्समध्ये 2020 ला मुलांच्या डोळ्यात सॅनिटायझर गेल्याच्या केसेसचं प्रमाण आधीच्या वर्षाच्या सात पट झालं, आपल्या देशातूनही पोरांच्या बुबुळाला इजा झाल्याचं डॉक्टरांनी लिहिलंय. नाकाड खाली वाकवणं आणि पुढं एक पत्र्याची झापड लावणं एवढंच काम होतं. आता जो कोणी स्टँड करेल त्यानं हे आधी करावं, हात जोडून सांगतो.

सेन्सरवाले त्यानंतर वाढले. इन्फ्रारेड किरण हातावर आपटून परत आला की छोटी मोटर फिरते. 2017 ला काळ्या हाताला साबण न देणाऱ्या डिस्पेन्सरचा व्हिडिओ जगभर फिरला होता, गडद कातडी किरण कमी परत पाठवते आणि सेन्सरची मर्यादा गोऱ्या हातावर धरून ठेवलेली. आपल्या शॉपमध्ये ग्रीस आणि बिडाच्या चुऱ्यानं काळा झालेला हात कुणाच्याही कातडीचा असो, सेन्सरला दिसत नाही, आणि साबणाची खरी गरज त्याच हाताला. म्हणून मशीन शॉपला मी अजून कोपरानं दाबायचा दांडाच सांगतो.

आता राहिला रिफिलचा प्रश्न. 2018 ला एका भारतीय कंपनीनं 15 रुपयांचं पावडरीचं पाकीट काढलं, घरी पाण्यात कालवून हँडवॉश करायचा. पाऊच आधीपासून होतेच. त्यामुळं आपल्या घरात एकच बाटली दोन-दोन वर्षं फिरते, पण तो पंप आखलेला असतो एक-दोन बाटल्या संपेपर्यंत टिकायला. वर बचत गटातल्या बायका जो हँडवॉश करतात त्यात घट्टपणा यायला मीठ घालतात, ते बरोबरच आहे, ठरावीक प्रमाणापर्यंत मिठानं तो माल घट्ट होतो आणि जास्त झालं की परत पातळ होतो. पण स्प्रिंग मालात बुडलेली असेल तर तेच मीठ तिला खातं, साधं स्टेनलेस असलं तरी ठिपके पडतात. स्प्रिंग मालाच्या बाहेर ठेवलेले पंप आहेत, थोडे महाग पडतात. 2022 ला प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम आले तेव्हापासून तिसरी जात जास्त ऐकू येते, स्प्रिंगसकट सगळं एकाच प्लास्टिकचं, म्हणजे पंप न सोडवता वितळवता येतो.

आमच्या शेडमध्ये भिंतीवर जो नमुना लावलाय त्यात आम्ही स्प्रिंग बाहेर घेतलीय, नळी रुंद केलीय आणि वायसर बोटांनी बदलता येईल असा ठेवलाय. साच्याचं काम अजून बाकी आहे.