जुन्या जीपचं इंजिन बदलताय? आधी आरसी उघडा

घरच्या अंगणात जीपचं जुनं इंजिन उतरवायला एक रविवार, एक चेन-पुली आणि दोन धडधाकट मित्र पुरतात. नवं बसवायला, सुट्ट्यांचे दिवसच धरले तर, दोन-तीन महिने जातात. पण ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, चढेल की नाही, हे पहिला नट सैल करण्याआधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे गाडी आधी उघडली जाते, मग भंगारबाजारात इंजिन शोधलं जातं, ते बसवून चार घाट फिरून होतात आणि आरसीची मुदत संपत आली की एजंटकडे धाव. त्या धावपळीच्या आधी वाचायची ही माहिती. उदाहरण ओळखीचंच घेतो: सीजे-३बी, सीजे-३४० किंवा एमएम-५४० यांसारखी महिंद्राची जुनी जीप, आणि तिच्यात बसवायचं बोलेरोचं २,५२३ सीसीचं डिझेल इंजिन.

आधी वय मोजा

आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख बघा. त्या तारखेपासून ५० वर्षं झाली असतील तर तुमच्यासमोर एक वेगळा रस्ता आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए ते ८१जी हे नियम आले. पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यानुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट एकच, पण कडक: चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अर्ज फॉर्म २० वर करायचा, सोबत विमा आणि जुनी आरसी जोडायची. गाडी परदेशातून आणली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंदणाऱ्याला ‘एमएच व्हीए’ असा नंबर मिळतो. आजोबांच्या जीपवर १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर त्याचं मोल मी सांगायला नको.

मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. शेतावर जायला किंवा पावसाळ्यात मित्रांना घेऊन घाट चढायला जीप हवी असेल, तर साधी नोंदणीच ठेवा आणि इंजिनाचा विचार करा. माझं मत विचाराल तर सीजे-३बी मधलं मूळ २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन अजून धुगधुगत असेल, तर त्याला हात लावू नका. लावलातच तर ते विकू तरी नका. तोंडं बंद करून, ग्रीस फासून कोपऱ्यात ठेवा.

कायद्यात काय बसतं

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा फेरबदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं हीच गोष्ट ठणकावून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं: बेकायदा फेरबदल केल्यास प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मग इंजिन बदलताच येत नाही का? येतं, पण कोणतं इंजिन यावर सगळं आहे. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनावरचं इंजिन बसवलं तर आरसीवर फक्त इंजिन नंबर बदलतो. हे सरळ काम. कंपनी आणि इंधन तेच, पण मॉडेल वेगळं असेल तर सीसी आणि हॉर्सपॉवरचे रकानेही बदलतात. जीप आरसीवर डिझेलची असेल तर आपलं बोलेरोचं इंजिन नेमकं इथं येतं. इथं नोंदणी अधिकाऱ्याचं उत्तर लेखी हातात पडेपर्यंत इंजिनाला एक रुपयाही देऊ नका. ‘होऊन जाईल हो’ हे एजंटचं उत्तर लेखी उत्तरात धरत नाहीत.

दुसऱ्याच कंपनीचं इंजिन, किंवा पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल, हा विचार आज सोडलेला बरा. एके काळी पेट्रोलच्या कितीतरी जीप डिझेलच्या झाल्या आणि आरसीवर तशी नोंदही झाली. तुमच्या आरसीवर आधीच ‘डिझेल’ लिहिलेलं असेल तर नशीबवान आहात. इंधन बदलाची सवलत कायद्यात आहे, पण ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशांसाठी आणि मान्यताप्राप्त किट बसवलं तरच. गंमत म्हणजे जुन्या जीपला विजेची मोटर बसवण्याची वाट कायद्यात दिसते, दुसऱ्या कंपनीच्या डिझेल इंजिनाची दिसत नाही.

जीपची स्वतःची कागदपत्रं

नव्या इंजिनाआधी जीप कागदावर जिवंत हवी. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांनी संपते, मग दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या हलक्या मोटारींसाठी हे शुल्क १०,००० रुपये झालंय. त्यावर आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. गाडी तुमच्या नावावर नसेल तर आधी फॉर्म २९ आणि ३० भरून नाव चढवा. दुसऱ्या राज्यातून आणली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. लष्कराच्या लिलावातली असेल तर फॉर्म २१ मधला विक्रीचा मूळ दाखला शोधून ठेवा, तो हरवला की पुढचं सगळं अडतं. बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती हवी. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी, बसलेली नसेल तर ती आधी बसवून घ्या. तिच्याशिवाय आरटीओतली इतर कामं अडकतात.

जुन्या गाड्यांची आणखी एक खोड असते. आरसी बुक हातानं लिहिलेलं आणि सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडी सापडतच नाही. अशा वेळी मूळ बुक घेऊन आरटीओत जायचं आणि ‘बॅकलॉग एन्ट्री’, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, करून घ्यायची. ती करताना इंजिन नंबर, चासी नंबर आणि सीसी स्वतः वाचून तपासा. आठाचा तीन झाला की तो दुरुस्त करायला वेगळा अर्ज करावा लागतो.

इंजिनाची कुंडली

इंजिन चालू आहे की नाही हे गॅरेजवाला सांगेल. ते कुणाच्या गाडीतून निघालं, हे कागदच सांगतात. इंजिन नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी भंगारात निघाल्याचा, नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, एवढं तरी घ्याच. नोंदणीकृत भंगार केंद्रात गेलेल्या गाडीचा स्क्रॅपिंगचा दाखला मिळतो.

मी हे अनुभवातून शिकलो. माझ्याकडे बिल होतं, त्यावर इंजिन नंबर होता, शिक्काही होता. पण ज्या बोलेरोतून ते निघालं होतं, तिची नोंदणी कुणी रद्दच केलेली नव्हती. कागदावर ते इंजिन दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका माणसाच्या दारात उभ्या असलेल्या गाडीत होतं. तो माणूस शोधणं, त्याला अर्ज करायला लावणं आणि नोंद रद्द होईपर्यंत थांबणं यात चार महिने गेले. तेवढे दिवस जीप अंगणात ताडपत्रीखाली आणि बोनेटवर मांजर.

यावर काही जण सोपा उपाय सुचवतात: नव्या ब्लॉकवर जुना नंबर पंच करून घ्या. अजिबात करू नका. खोडलेला नंबर निरीक्षकाच्या बॅटरीच्या उजेडात लगेच दिसतो. मग तुम्ही फेरबदलाचे अर्जदार राहत नाही, चोरीच्या मालाचे संशयित होता.

अर्ज आणि पासिंग

अर्ज तुम्ही जिथं राहता तिथल्या आरटीओकडे. पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून वाहनातल्या फेरबदलाची सेवा निवडायची, शुल्क भरायचं, पावती काढायची. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, इंजिनाचे वरचे सगळे कागद आणि ज्या वर्कशॉपनं इंजिन बसवलं किंवा तपासलं त्याचं पत्र. घरी काम केलं असलं तरी हे शेवटचं पत्र जीएसटी नंबर असलेल्या गॅरेजकडून घ्या. ‘मी आणि माझ्या मेव्हण्यानं बसवलं’ हे खरं असलं तरी फाइलमध्ये त्याला जागा नसते. परवानगीआधीच काम झालं असेल तर चौदा दिवसांत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणून क्रम असा ठेवा: परवानगीचा अर्ज, लेखी होकार, मग रिंच.

पासिंगला मोटार वाहन निरीक्षक इंजिन आणि चासी नंबर प्रत्यक्ष बघतात आणि पेन्सिल प्रिंट लागते. खरी अडचण इथंच येते. ब्लॉकवरचा नंबर ग्रीस आणि काजळीखाली गेलेला असतो आणि इंजिन बसल्यावर नेमका स्टार्टर किंवा पाइप त्याच्या आड येतो. म्हणून इंजिन जमिनीवर असतानाच डिझेल आणि ब्रशनं तो कोपरा घासा, पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवून दोन-तीन प्रिंट काढा, मोबाइलवर फोटोही काढा.

इंजिन माउंटिंगसाठी चासी कापू नका. वेल्डिंगऐवजी बोल्टनं बसणारे ब्रॅकेट करून घ्या. चासीला धक्का लागलेला दिसला की प्रश्न फक्त इंजिनाचा राहत नाही. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं डिझेल इंजिन घेत असाल तर ईसीयू (इंजिनाचा संगणक), वायरिंग आणि चावी त्याच गाडीची आणा, नाहीतर पासिंगच्या सकाळी गाडी सुरूच व्हायची नाही. सायलेन्सर आणि पीयूसी आदल्या दिवशी बघून घ्या. बीएस-४ या प्रदूषण मानकाआधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे आणि पीयूसी सहा महिन्यांचंच मिळतं. नव्या इंजिनाला हा आकडा जड नाही, पण डिझेल पंप चुकीचा लावला असेल तर तेही काळा धूर ओकतं.

नवी आरसी आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवा आणि पॉलिसीवर नवा इंजिन नंबर आणि सीसी चढवून घ्या. पॉलिसीवर जुना नंबर राहिला तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर सगळ्यात आधी बोनेट उघडतो.