‘कोल निद्रे’ म्हणजे वचन मोडायची मुभा नव्हे

योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा पवित्र दिवस, सुरू होतो त्या संध्याकाळी ज्यू लोक ‘कोल निद्रे’ म्हणून सगळ्या शपथा रद्द करून घेतात, तेव्हा त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवू नये, हा आरोप शतकानुशतके फिरतो आहे. १२४० मध्ये पॅरिसला ज्यू ग्रंथांवर भरलेल्या वादसभेतही तो झाला आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) येहिएल यांनी तिथेच तो खोडून काढला.

हे अरामी पठण फक्त माणसाने देवासमोर स्वतःवर घालून घेतलेल्या नवसांपुरते आहे. रागाच्या भरात ‘यापुढे अमुक खाणार नाही’ म्हटले, तसले नवस. दुसऱ्याला दिलेला शब्द, कर्ज, करार, कोर्टातली शपथ यांतले काहीच त्याने सुटत नाही.

उलट इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांची संहिता, स्पष्ट सांगते: माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरने फिटत नाही, ज्याला दुखावले त्याचीच समजूत काढावी लागते. म्हणून आधीच्या दिवसांत लोक स्वतःला तपासतात, शेजाऱ्याची, भावाची माफी मागतात. अशा परंपरेवर बेइमानीचा ठपका बसावा, याची मला चीड येते. त्या ठपक्यामुळेच १८४४ मध्ये जर्मनीत ब्रन्सविकला जमलेल्या सुधारणावादी रब्बींनी ‘कोल निद्रे’ वगळण्याची शिफारस केली. तरी बहुतेक सिनेगॉगांत (ज्यू प्रार्थनास्थळांत) ते आजही म्हटले जाते.