मोटर लावायचीय, पण कोणत्या सायकलला?

रावेरचा माझा एक मित्र केळीच्या बागेत जायला सायकलला मोटर बसवायला निघाला. घरात सायकली दोन. एक मुलाची, गीअरवाली, अ‍ॅल्युमिनियमची. दुसरी वडिलांची, काळी, लोखंडी म्हणजे पोलादी, खळ्यात धूळ खात पडलेली. त्याचा कौल मुलाच्या सायकलीला. म्हणे, "हलकी आहे ना भाऊ!"

हलकी आहे, खरं. अ‍ॅल्युमिनियम घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम भरतं, पोलाद ७.८५. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच. म्हणून नळ्या जाडजूड घ्याव्या लागतात आणि बरीचशी बचत तिथेच जिरते. शेवटी सांगाड्यात एक-दोन किलोंचा फरक उरतो. त्यावर आपण मोटर-बॅटरीचे सहा-सात किलो चढवणार!

खरी गंमत मागच्या चाकाशी आहे. चाकाच्या मध्यभागी बसते ती हब मोटर. तिचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, फिरत नाही, त्याच्याभोवती चाक फिरतं. मोटर चाकाला पुढे रेटते तेव्हा तेवढ्याच जोराने एक्सलला उलटं पिळते. तो पीळ अडवायला असते फक्त एक्सल बसायची खाच. एक्सल साधारण १२ मिमी जाडीचा, दोन बाजूंनी सपाट करून १० मिमी केलेला. पीळ ४० न्यूटन-मीटर धरा. दोन्हीकडच्या खाचांना २०-२० आला. तो पेलायला सपाट भागाची लांबी मिळते जेमतेम साडेसहा मिमी. हिशेब केला तर खाचेच्या कडांवर ३०० किलो वजनाइतका जोर येतो.

पोलादी खाच अशा जोराने आधी वाकते, फाकते. नट सैल व्हायला लागला की आपल्याला कळतं. अ‍ॅल्युमिनियमची खाच फारसं न वाकता तडकू शकते. मोटर पुढच्या चाकात असेल तर चाकच निसटायचं, आणि तेही बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीच्या ट्रकांसमोर. म्हणून टॉर्क आर्म हवाच: एक्सलवर घट्ट बसणारी पोलादी पट्टी, दुसरं टोक सांगाड्याला बांधलेलं. पट्टी १० सेंमी लांब असली की तोच पीळ टोकाशी २० किलोंवर येतो.

मग आपले खड्डे. पोलादाला एक मर्यादा असते. हादरे तिच्या आत राहिले तर ते कितीही झाले तरी सहन होतात. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, लहान हादराही त्याच्या खात्यावर चढतच राहतो. शिवाय सांगाड्यात सर्रास वापरतात ते ६०६१ अ‍ॅल्युमिनियम भट्टीत तापवून कडक केलेलं असतं. बॅटरीची चौकट बसवायला त्यावर वेल्डिंग केलं, की जोडाजवळची ताकद निम्म्यावर येऊ शकते. साध्या पोलादी नळीला गावातला वेल्डिंगवालाही सांधतो.

भुसावळच्या उन्हाची काळजी धातूला नाही. ती बॅटरीची, तिला सावलीत ठेवा.

काळ्या सायकलीलाही खोट आहेच. नळ्या रंगाखाली गंजलेल्या असू शकतात, आणि तिचे दांड्यांचे ब्रेक ताशी १५ किमीच्या वेगासाठी ठीक. २५ ला थांबवायची ऊर्जा पावणेतीन पट होते. मित्राने पेडलजवळचा रंग खरवडून पाहिला, तर खालचं लोखंड शाबूत निघालं. आता तो ब्रेक बदलतोय, आणि मुलगा खूश आहे की त्याची सायकल वाचली.